बोर्डावरचा आवाज

१५ एप्रिल, निपाणी

काल बेळगावात जयंतीची मिरवणूक. पाय अजून दुखताहेत आणि सकाळच्या बसला संकेश्वरपर्यंत उभं राहावं लागलं. तानीमावशीनं माळ्यावरची खोली झाडून ठेवली आहे. काम संपेपर्यंत मुक्काम इथंच.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून स्वतःचं सुरू केल्यावर हे पहिलं मोठं काम. मोठं म्हणजे माझ्यासाठी. ट्रस्टचा दवाखाना. रस्त्यावर जुनी इमारत, तिच्यामागं उताराला नवी. जुन्या इमारतीत टेलिफोन एक्स्चेंज आहे, वयानं जवळजवळ माझ्याएवढं. खोल्याखोल्यांतले फोन तारेनं त्याला जोडलेले. नव्या इमारतीत आयपी फोन बसवायचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे. जुनं काढायचं नाही. मध्ये गेटवे नावाची पेटी बसवून दोघांना बोलतं करायचं.

व्यवस्थापक नागेंद्र सर म्हणाले, "बाकी सगळ्यांनी जुनं फेका म्हणून सांगितलं. जोडता येईल म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच." बरं वाटलं. मग नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाले, "छान. तुमच्यातली मुलं आता फार पुढं चाललीत." ऐकून घेतलं. सवय आहे. बाकी माणूस सभ्य. मॅडम म्हणतात, उभं ठेवत नाहीत. हे काम नीट झालं तर बेळगावच्या एका दवाखान्यात माझं नाव सुचवणार आहेत.

बोर्डावर अक्काताई. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडं. पन्नाशी ओलांडलेली बाई, भर एप्रिलात गळ्याभोवती पदर गुंडाळलेला, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. मी माझी ओळख सांगितली, काय करणार ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे बसल्यावर फोन माझ्याकडं येणार का न्हाय?"

"येणार की," मी म्हणाले.

मान हलवली. त्यापुढं दिवसभरात एक शब्द नाही.

१९ एप्रिल

नव्या इमारतीतल्या वायरिंगचे दिवस. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त आज पहिला कॉल लागला. जुन्या इमारतीच्या औषधाच्या खिडकीवरून नव्या बाळंतिणींच्या वॉर्डात. पलीकडून सिस्टरचा आवाज आला, "कोण बोलतंय?" मी काय बोलायचं तेच विसरले.

२२ एप्रिल

आनंद टिकला नाही. नव्या फोनवरून जुन्यावर बोललेलं ऐकू जातं, जुन्यावरून नव्यावर काहीच नाही. दोघंही हॅलो हॅलो करतात, एकाला ऐकू येतं आणि दुसरा ठेवून देतो. सिस्टर हसायला लागल्यात. डॉ. तेजस्वी हसल्या नाहीत. बाळंतपणाचा सगळा विभाग त्यांच्याकडं. म्हणाल्या, "मला नवा फोन हवा, जुना हवा, याच्याशी देणंघेणं नाही. लेबर रूममधून हाक मारली की मला ऐकू आली पाहिजे. तिथं मोबाईलला रेंज नाही, माहीत आहे ना?"

माहीत आहे. उतारामुळं तो मजला रस्त्याच्या खाली आहे आणि भिंती जाड.

२५ एप्रिल

सापडलं. आवाज जायचा रस्ता वेगळा आणि यायचा वेगळा धरला जात होता, आणि यायच्या रस्त्यावर दवाखान्याची फायरवॉल आडवी. एक सेटिंग बदललं आणि सगळे फोन बोलायला लागले. रात्री मावशीकडं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

फक्त एक तक्रार राहिली आहे. बोर्डावरून अक्काताई नव्या इमारतीत बोलल्या की आवाज बारीक येतो. मध्येच तुटतो. उद्या बघते.

२८ एप्रिल

तीन दिवस या एका लाइनीवर गेले. गेटवेवर त्या लाइनीचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. हँडसेट बदलला. तार बदलली. अक्काताई जेवायला गेल्या असताना त्यांच्याच खुर्चीत बसून मी बोलले तर सिस्टर म्हणाली, "अहो कानाचे पडदे फाटतील." त्या परत आल्या आणि पुन्हा तेच. बारीक, खरखरीत, मध्येच गायब.

म्हणजे लाइन ठीक आहे. बाई मुद्दाम रिसीव्हर लांब धरतात, किंवा मुद्दाम हळू बोलतात. नवीन नको आहे त्यांना. माझ्याशीही बोलत नाहीत, काही विचारलं तर हातानं दाखवतात. मी डब्यातली मिरचीची चटणी पुढं केली तर हात आडवा. दुपारभर गरम पाणी पीत बसतात आणि कुणी फोन केला की आधी दोनतीनदा खाकरतात, मग उचलतात. तोवर घंटी वाजत राहते.

मावशीला सांगितलं. मावशीची उमर तंबाखूच्या वखारीत गेली. ती म्हणाली, "असल्या आवाजाच्या बाया लई बघितल्यात मी. धुरळ्यानं बसायचा, मग सुटायचाच न्हाय. तिला म्हणावं, दवाखान्यात दाखव गं."

"मावशी, ती दवाखान्यातच कामाला आहे," मी म्हणाले.

मावशी म्हणाली, "मग काय झालं?" आणि भांडी घासायला लागली.

३० एप्रिल

नागेंद्र सरांनी बोलावून घेतलं. बोर्डाची अडचण काय म्हणून विचारलं. मी जे खरं ते सांगितलं: लाइनीत दोष नाही, यंत्रात दोष नाही, अडचण बोर्डावरच्या माणसाची आहे. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की? तुमचं तांत्रिक मत म्हणून सांगताय ना?" मी हो म्हणाले. तांत्रिक मत कुणी विचारलं की मला अजून बरं वाटतं.

मग म्हणाले, फोन आपोआप उचलणारी सोय आहे ना यात, ती सुरू करू. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. आधी कन्नड, मग मराठी, मग इंग्रजी. सगळ्या भाषा येणारी बाई इथंच आहे, अक्काताईंचाच आवाज घ्या.

मला वाटलं हा त्यांचा मानच आहे. विचारायला गेले. अक्काताईंनी मान हलवली. न्हाय.

"अक्काताई, पाच मिनिटांचं काम आहे."

"जमायचं न्हाय," त्या पुटपुटल्या. एवढंच. तोंड फिरवून थर्मासचं झाकण लावत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला राग आला. मी कुणाचं काम काढून घ्यायला आलेले नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊ.

४ मे

आज भांडणासारखं झालं आणि मी माघार घेतली. लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

जुन्या फोनला करंट तारेतूनच मिळतो, एक्स्चेंजमधून. एक्स्चेंजला बॅटऱ्या आहेत, त्यामुळं लाइट गेली तरी जुने फोन चालू. आयपी फोनचं तसं नाही. त्यांना करंट मिळतो मजल्यावरच्या स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडायच्या पेटीतून, आणि स्विच बंद तर फोन म्हणजे नुसतं प्लास्टिक. म्हणून नव्या इमारतीच्या स्विचला यूपीएस हवा. मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे.

सर म्हणाले, "यूपीएस पुढच्या महिन्यात येईल. जनरेटर आहे की."

मी म्हणाले, जनरेटरची लाइन ऑपरेशन थिएटर, दिवे आणि मशिनांना आहे. स्विच ज्या सॉकेटवर आहे त्याला नाही.

"मॅडम, आठ तारखेला उद्घाटन आहे. पाहुण्यांना मी काय सांगू, फोन बसवलेत पण चालू नाहीत? तुम्हीच सांगा, चालू करायला काही धोका आहे का?"

मी म्हणाले, लाइट गेली तर आहे.

"आणि नाही गेली तर?"

मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, ठीक आहे, चालू करू. हे मीच म्हणाले.

लेबर रूममध्ये एक जुना फोन आहे. बांधकामाच्या वेळी कुंपणाच्या भिंतीवरून तार ओढून तात्पुरता दिलेला. जुनाट दिसतो, पाहुण्यांना दिसायला नको, म्हणून सरांनी तो काढायला सांगितला, तार मागाहून. एक्स्चेंजच्या खोलीत तारांच्या पेटीतून त्या फोनच्या दोन तारांची जोडी मी स्वतः सोडवली. फोन उचलून आणला आणि कपाटात ठेवला. अक्काताई बघत होत्या. काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

८ मे

उद्घाटन झालं. ट्रस्टचे अध्यक्ष परशराम अण्णा आलते. पांढरं धोतर, कोल्हापुरी चपला, फेटा. त्यांनी नव्या फोनवरून बोर्डाला फोन लावला आणि अक्काताईंनी उचलला. अण्णा मोठ्यानं म्हणाले, "अक्काताई, हाईस का गं अजून?" पलीकडून काय आलं ते त्यांना बहुतेक कळलं नाही, कारण त्यांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. सगळे हसले. नागेंद्र सरांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बघा, तुम्ही सांगितलं होतं तेच.

फोन आपोआप उचलणारी सोय सोमवारपासून. आवाज सरांच्या भाचीचा.

१० मे

सगळं ओळीनं लिहून काढते.

जेवणानंतरची वेळ. मी बोर्डाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. पंखा थांबला आणि लगेच चालू झाला, म्हणजे जनरेटर लागला. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीतरी जळलं होतं, ते नंतर कळलं. स्क्रीनवर नव्या इमारतीचे फोन एकेक करून लाल व्हायला लागले. सगळे. मी खिडकीतून बघितलं तर नव्या इमारतीत दिवे लागलेले. सगळं ठीक दिसत होतं. तिथल्या कुणाला कळायचं कारणच नव्हतं की फोन मेलेत.

मी उठून पळाले. उतारावर मालुबाई आया समोरून वर येत होती, पायात चप्पल नव्हती.

"डॉक्टरीणबाई कुठं हाईत? बाळातीण हाय, रक्त थांबंना. फोन लागंना झालाय."

मी तिला घेऊन परत बोर्डाकडं. डॉ. तेजस्वी तेव्हा जुन्या इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, ओपीडीत. अक्काताईंना मी दारातूनच सांगितलं. त्यांचं बोट आधीच बटणावर होतं. ओपीडीतल्या माणसानं उचलला, मला पलीकडचं ऐकू येत होतं: "हलो, हेळ्री," म्हणजे बोला. अक्काताईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. घशातून हवा सुटल्यासारखं काहीतरी. "हलो? हलो?" त्यानं ठेवला.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तो वैतागून ठेवून मोकळा.

मी गोठले होते. मग अक्काताईंनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"डॉक्टररना लगूना कळस्री, लेबर रूम, ब्लीडिंग," मी एवढं बोलले, डॉक्टरांना लगेच पाठवा म्हणून. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मी रक्तपेढी म्हणाले आणि अक्काताईंचं बोट पडलं, मी बोलले. थिएटर म्हणाले, बोट पडलं, मी बोलले. भूलतज्ज्ञ. त्यांच्या घरी लावला. आम्ही दोघी एका फोनवर अशा बसलो होतो की कुणी बघितलं असतं तर एकच माणूस वाटलं असतं.

डॉ. तेजस्वी खिडकीसमोरून धावत गेल्या. त्यांच्यामागं मालुबाई.

मग मी तारांच्या पेटीकडं वळले. मीच सोडवलेली जोडी परत दाबली. बोटं घामेजलेली, दोनदा निसटली. कपाटातला फोन घेतला आणि खाली पळाले. लेबर रूमच्या दारात भिंतीतल्या जुन्या डबीत पिन घातली, रिसीव्हर उचलला. टोन आला. सिस्टरनं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि आणखी रक्त मागवलं. फोन ठेवायला जागा नव्हती. मी तो दोन्ही हातांत धरून तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. आत बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं.

सिस्टर नंतर म्हणाली, "पहिल्यांदा उचलला तर सगळं शांत. मला वाटलं नंबर चुकला. परत दाबला. मग शेजारच्या खोलीतला बघितला. मग मालुबाईला पळवलं."

बाळ ठीक आहे. आई जिवंत आहे. रूपाली नाव तिचं, पहिलंच बाळंतपण. गर्भाशय काढावं लागलं.

अक्काताई घाबरल्या. इतकी वर्षं त्या खुर्चीत काढलेल्या बाईनं असं गोठावं?

११ मे

रूपालीच्या नवऱ्यानं, गुंडूनं, दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "फोन का लागला न्हाय?" त्यानं शिवी दिली नाही, काही फोडलं नाही. तेवढंच विचारत बसला. परवा ट्रस्टची बैठक आहे.

डॉ. तेजस्वींना मी विचारलं, थोडं आधी पोचला असता तर? त्यांनी हात धुता धुता माझ्याकडं बघितलं. "पिशवी वाचली असती का? सांगता येत नाही. वाचलीही असती." मग नळ बंद करून म्हणाल्या, "हे तुम्ही मला दर महिन्याला विचारलंत तरी उत्तर हेच असेल."

संध्याकाळी नागेंद्र सरांनी चहा मागवला. शांत होते. म्हणाले, ओपीडीतला माणूस सांगतो, बोर्डावरून दोनदा फोन आला आणि कुणी बोललं नाही. तिसऱ्यांदा तुम्ही बोललात.

"हो."

"एक्स्चेंज चालू होतं?"

"हो."

"बोर्ड चालू होता? लाइन ठीक होती?"

"हो."

"मग बैठकीत एवढंच सांगायचं. मी तुम्हाला एक शब्दही खोटा बोला म्हणत नाही." मग चहाचा कप माझ्याकडं सरकवून, "त्या बाईंचं वय झालंय. त्यांनाही विश्रांती मिळेल. आणि बेळगावचं मी बोललोय, ते लोक तुमची वाट बघताहेत."

खरंच त्यात एक शब्द खोटा नाही. घरी येईपर्यंत मी ती वाक्यं तीनचारदा मनात म्हणून बघितली. दर वेळी ती जास्त सोपी होत गेली.

१२ मे

मावशीला विचारलं, तू काय केलं असतंस. ती म्हणाली, "मला काय ईचारतीस? मला काय फोनातलं कळतंय?" मग भाकरी थापता थापता, "वखारीत एकदा शेड पडली. मालक म्हणाला, बायांनी खांबाला पोती टेकवली म्हणून पडली. टेकवलीच होती की आमी. ते बी खरंच होतं."

मी म्हणाले, मग?

"मग काय. आमी गप बसलो. कामाला जायचं होतं न्हवं."

आज डोळा लागत नाही. सॉकेटला जनरेटर नाही हे मी सांगितलं होतं. सांगितलं होतं, आणि मग ठीक आहे म्हणाले होते. दोन्ही मीच.

१३ मे

बैठक जुन्या इमारतीतल्या मोठ्या खोलीत. परशराम अण्णा मध्ये, बाकी ट्रस्टी दोन्ही बाजूंना, डॉ. तेजस्वी कडेला. गुंडू दाराशी उभा, त्याला खुर्ची दिली तरी बसला नाही. अक्काताई भिंतीजवळच्या बाकावर, पदर गळ्याशी.

नागेंद्र सरांनी मांडणी केली. आवाज खाली, शब्द मोजके. नव्या इमारतीत वीज गेली, ते कुणाच्या हातात नाही. पण बोर्ड चालू होता. बोर्डावरून दोन फोन गेले आणि कुणी बोललं नाही. "मॅडमनी यंत्र तपासलंय. अडचण माणसाची आहे हे त्यांचं तांत्रिक मत त्यांनी मला आधीच सांगितलं होतं."

माझंच वाक्य. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती वेगळं वाटलं.

अण्णा अक्काताईंकडं वळले. रागानं नाही. "अक्काताई, तूच सांग बघू. का बोलली न्हाईस?"

त्या उभ्या राहिल्या. खाकरल्या. एकदा, दोनदा. तोंड उघडलं आणि जे आलं ते बोलणं नव्हतं. कागद फाडावा तसं काहीतरी. अण्णा पुढं वाकले. खोलीत पंख्याचा आवाज त्यापेक्षा मोठा होता.

"मोठ्यानं बोल," एक ट्रस्टी म्हणाले.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या. चेहरा लाल झाला. काही नाही.

आणि तेव्हा मला कळलं. इतका उशिरा. मी तीन दिवस त्यांच्या लाइनीचा आवाज वाढवत बसले होते. तार बदलली, हँडसेट बदलला. वयानं आईएवढी बाई समोर बसून गरम पाणी पीत होती, आणि मी एकदा तिला विचारलं नाही की अक्काताई, घशाला काय झालंय.

डॉ. तेजस्वी उठल्या होत्या. बाकाजवळ जाऊन त्यांनी पदर बाजूला केला, दोन बोटांनी गळा चाचपला. "कधीपासून?"

"मार्गशीर्षापासनं," अक्काताईंच्या ओठांवरून ते वाचावं लागलं.

"आणि मी रोज तुमच्या खिडकीवरून जाते. मला का नाही सांगितलंत?"

अक्काताईंनी नागेंद्र सरांकडं बघितलं, मग खाली. आवाज गेल्याचं कळलं असतं तर बोर्डही गेला असता, एवढं सगळ्यांना समजलं. सांगायची गरज नव्हती.

नागेंद्र सर म्हणाले, "तब्येतीचं वाईट वाटतं. पण मुद्दा तोच राहतो."

मी बोलायला उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, बोर्डापर्यंत निरोप पोचला तोच उशिरा. लेबर रूममधून हाक बाहेर पडलीच नाही. तिथला नवा फोन मेला होता कारण त्याच्या स्विचला यूपीएस नव्हता, जनरेटरची लाइन नव्हती. हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. तिथं एक जुना फोन होता, तो लाइट गेली तरी चालला असता. तो उद्घाटनाआधी काढला.

"कुणी काढला?" अण्णांनी विचारलं.

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"सरांच्या. पण हात माझा होता."

नागेंद्र सर अजिबात चिडले नाहीत. "चालू करू असं मॅडमच म्हणाल्या होत्या. मी विचारलं होतं, धोका आहे का."

"व्हय," मी म्हणाले. "म्हणाले होते."

मी वळून गुंडूकडं बघितलं, कारण प्रश्न त्याचा होता. म्हणाले, "फोन म्हणून लागला नाही." त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं." त्या एका शब्दात क्षमा नव्हती. मागायचा माझा हक्कही नव्हता. तो वॉर्डाकडं निघून गेला, बाळाला दूध पाजायची वेळ झाली होती.

१४ मे

अण्णांनी सांगितलं: यूपीएस आठवड्यात, जनरेटरची लाइन त्याआधी, जुना फोन लेबर रूममध्ये कायमचा. काम मीच पुरं करायचं आणि मग दवाखान्याशी माझा संबंध संपला. रूपालीचं पुढचं सगळं ट्रस्ट बघणार. नागेंद्र सर जागेवरच आहेत. जाता येता नमस्कार करतात. मॅडम म्हणतात. बेळगावच्या दवाखान्याचा विषय कुणी काढला नाही, काढणारही नाही.

फोन आपोआप उचलणारी सोय अण्णांनी बंद ठेवायला सांगितली. "माणूस मरायला लागला तर एक दाबू का दोन म्हणून ईचारीत बसंल व्हय?"

१६ मे

आज अक्काताईंना त्यांचा मुलगा भावकू बेळगावला घेऊन गेला. डॉ. तेजस्वींनी तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलून वेळ घेतली. नरड्यात गाठ आहे. कसली ते काढल्यावर कळणार.

निघताना त्या बोर्डाच्या खोलीत आल्या. खुर्चीवरची उशी नीट केली. मग मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. इतक्या जवळ आल्या तेव्हाच शब्द कळले.

"जांबोटीकडची माणसं फोनवर लई वरडत्यात. रागानं न्हवं, रेंज नसतीया तिकडं. तू वरडू नगोस."

मी म्हणाले, "अक्काताई, मला माफ..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोल, बोल, फोन वाजतोय," असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात. फोन खरंच वाजत होता. मी उचलेपर्यंत त्या दाराबाहेर गेल्या होत्या.

दुसरं माणूस मिळेपर्यंत बोर्डावर मी बसते, असं मीच अण्णांना सांगितलं.

२१ मे

बोर्डावर बसणं म्हणजे काय ते आता कळतंय. घाबरलेली माणसं नंबर मागत नाहीत. ती नुसती बोलायला लागतात, कन्नडमध्ये, मराठीत, निम्मं निम्मं. कुणाच्या पोराला साप चावलाय, कुणाची आई उठत नाही. मधल्या मधे त्यांना श्वास घ्यायला लावायचं आणि कुठं जोडायचं ते ठरवायचं. कितीतरी जण आधी विचारतात, अक्काताई न्हाईत का? सुट्टीवर आहेत म्हणते. मग मला सांगायला लागतात.

यूपीएस बसला. दुपारी मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. सगळे फोन चालू राहिले. लेबर रूममधल्या सिस्टरला तरीही जुन्या फोनवरूनच बोलायचं होतं. बोलली.

रूपालीला आज सोडलं. मी खिडकीतून बघितलं. ती हळू चालत होती, एक हात पोटाशी. गुंडूच्या हातात बाळ. त्यांनी इकडं बघितलं नाही.

२३ मे

सकाळी भावकूचा फोन. "काल ऑप्रेशन झालं. गाठ तपासायला पाठवलीया, आठधा दिवस लागतील म्हणालेत. आईला पंधरा दिस तोंड उघडायचं न्हाय. पुटपुटायचं बी न्हाय. लई कावलीया." मी काही लागलं तर सांग म्हणाले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक फोन आला. मी उचलला, दवाखान्याचं नाव सांगितलं. पलीकडून काही नाही. पुन्हा हॅलो म्हणाले. शांत. लाइन जिवंत होती, लांब कुठंतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता, कुणीतरी खोकलं. असे फोन रोज येतात, चुकून लागलेले. माझं बोट कट करायच्या बटणावर गेलं होतं.

मग मी ते उचललं.

"अक्काताई?" मी म्हणाले.

पलीकडून हँडसेटवर नखानं वाजवल्यासारखं बारीक टकटक.

मी खुर्ची पुढं ओढली. काय सांगावं ते सुचेना, मग एकेक सांगत गेले. रूपाली घरी गेली. मालुबाईला नव्या चपला मिळाल्या, डॉक्टरीणबाईंनी आणल्या. जांबोटीहून आज एकजण असा ओरडला की खिडकीबाहेरची माणसं वळून बघायला लागली, पण मी ओरडले नाही. ओपीडीतला माणूस आता दर फोनला तीनदा हलो म्हणतो आणि तरीही ठेवत नाही. अण्णा दोनदा येऊन विचारून गेले. उशी आहे तशीच आहे.

मध्येच दुसरी लाइन वाजली. "थांबा हं, ठेवू नका," मी म्हणाले, तो फोन घेतला, औषधाच्या खिडकीला जोडला आणि परत आले.

त्या होत्या. मी पुढचं सांगायला लागले.